कालवांच्या खडकावरून आलेली ‘ओ’

मुंजा, हडळ, चकवा... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. ‘रात्री शीळ घालू नये’ असं आई म्हणाली की मी मुद्दाम घालायची! त्यात मी एम.एस्सी.साठी समुद्रातले जीव मोजणारी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कानकोंडं होतंय. पण घडलं ते घडलं.

साठचं दशक. तिकडे तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं आणि मी पालघरहून एसटीचे धक्के खात दातिवऱ्याला जाऊन राहिले होते. माझा विषय कालवं, म्हणजे खडकाला चिकटून वाढणारी शिंपली. लोखंडी चौकट खडकावर ठेवायची, आतली कालवं मोजायची, वहीत लिहायची. गावातल्या बायका तीच कालवं कोयतीने फोडून टोपलीत भरायच्या.

“आमी खायाला काढतो नि तू मोजतेस? खुळी हाय काय गो तू?” माझी घरमालकीण काशीबाय रोज विचारायची. आणि रोज माझ्या ताटात जास्तीचा बोंबील वाढायची.

या बायकांची एक रीत होती. भरती लागायच्या आधी, परत फिरताना काशीबाय उंच खडकावर उभी राहून एकेकीला नावाने हाक मारायची. प्रत्येकीची ‘ओ’ आल्याशिवाय कुणी घराकडे वळायचं नाही. सगळ्यात शेवटची हाक असायची, “मोगरेऽऽ!” तिला उत्तर यायचं नाही. मग सगळ्या गुपचूप चालू लागायच्या.

मोगरा काशीबायची लेक. खूप वर्षांपूर्वी एकदा बाजाराच्या घाईत काशीबायनेच हाक मारली नव्हती, आणि पोर खडकावर मागे राहिली ती राहिलीच. हे मला शेजारणीने सांगितलं. काशीबाय स्वतः त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही.

माझं काम संपत आलं होतं, पण अगदी टोकाच्या खडकाची मोजणी राहिली होती. ती नसेल तर प्रबंध अर्धवट, आणि माझे मार्गदर्शक सर अर्धवट काम हातात धरायचे नाहीत. काशीबायने मात्र साफ सांगितलं होतं, “त्या खडपावर जायाचं नाय. थितं पानी म्होरून नाय येत, मागून येतं.”

म्हटलं, या मला शिकवणार! अमावास्या होऊन तीन दिवस झाले होते, सकाळी आठच्या सुमाराला मोठी ओहोटी. “आज घरीच बसून बाटल्यांना चिठ्ठ्या लावते,” अशी थाप मारली आणि बायकांच्या आधीच, लांबच्या वाटेने टोकाला पोचले.

मोजणीत मी इतकी गुंग झाले की काही विचारू नका. मधूनमधून समोरचं पाणी बघायची. ते लांबच होतं. उठून मागे वळले... तर मागची वाट पाण्याखाली! घाईत पाय घसरला आणि घोट्यापर्यंत कपारीत अडकला. ओढावा तितका जास्तच रुतत होता.

सकाळचा वारा जमिनीवरून समुद्राकडे. त्यामुळे बायकांच्या हाका मला स्वच्छ ऐकू येत होत्या, आणि माझं ओरडणं त्यांच्याकडे जातच नव्हतं. हाकांमध्ये माझं नाव असणार तरी कसं? मी तर घरी चिठ्ठ्या लावत होते ना! एकेकीची ‘ओ’ येत गेली. ओरडून माझा घसा बसला. पाणी गुडघ्याला आलं. आई गं, तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण खरंच मरू शकतो.

मग शेवटची हाक आली. “मोगरेऽऽ!”

आणि माझ्या शेजारून, अगदी हाताच्या अंतरावरून, उत्तर गेलं. “ओऽऽ!”

मी वळून बघितलं. कुणीही नव्हतं. ओला खडक, माझी चौकट, बस्स.

काशीबाय टोपली टाकून धावत सुटली. तिच्यामागे दोघी. छातीभर पाण्यातून आल्या, कोयतीने कपारीतले शिंपले फोडून माझा पाय सोडवला आणि दोन्हीकडून धरून मला काठाला आणलं. ‘ओ’ सगळ्यांनी ऐकली होती. तीही वाऱ्याच्या विरुद्ध!

काशीबाय मला ओरडली नाही. घरी येऊन पायाला हळद बांधली. बांधता बांधता, मान खाली घालूनच तिने विचारलं, “तुज्या जवलच व्हती ना ती? रागात नव्हती ना गो?”

मला रडू फुटलं. “नाही हो काशीबाय. आईने हाक मारल्यावर स्वैपाकघरातून देतो ना, तशी ‘ओ’ दिली तिने. अगदी तशीच.”

तिने पदराने डोळे पुसले आणि गाठ मारली.

पुढे प्रबंध झाला, पदवी मिळाली. प्रतिध्वनी म्हणावं, तर प्रतिध्वनी ‘मोगरे’ असा आला असता. माझाच आवाज म्हणावं, तर तो केव्हाच बसला होता. सगळं तपासून पाहिलं, उत्तर आजही नाही. पण काशीबायला मी जे सांगितलं, ते तिचं मन राखायला नव्हतं. तो आवाज खरंच रागातला नव्हता.