पित्तर पाहिजे

वर्षातले पन्नास आठवडे आमच्या निवाऱ्यातल्या माणसांना कुत्रंसुद्धा विचारत नाही. उरलेल्या दोन आठवड्यांत मात्र त्यांची एवढी ओढाताण होते की मला सकाळचा चहा सुखाने पिता येत नाही. ते दोन आठवडे म्हणजे पितृपक्ष.

निवारा सरकारी, चालवतो आम्ही बचत गटाच्या बायका. एक लांबट हॉल, वीस खाटा, मागे न्हाणी, पुढे निंबाचं झाड. बसस्टँडवर, देवळाच्या ओट्यावर, दुकानांच्या पायऱ्यांवर झोपणाऱ्यांना इथं आणायचं, जेवू घालायचं आणि जमलं तर त्यांच्या घरी पोचवायचं, हे आमचं काम. गटात माझं अक्षर वळणदार आणि आवाज मोठा, म्हणून रजिस्टर आणि भांडणं दोन्ही माझ्याकडे आली. बाकी मी मळेवाल्याच्या घरची. वाशीमला लागून आमची तीन एकर बागाईत आहे. भेंडी, गवार, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतो. मळ्यात पाण्याच्या मोटारीची खोली आहे, तिथं माझे सासरे, आमचे मामाजी, राहायचे. गेल्या वर्षी घराला टाईल्स बसवल्या तेव्हा त्यांची खाट तिकडे नेली, ती तिकडेच राहिली. त्यांना मळ्यात मोकळं वाटायचं.

तर पितृपक्ष. आमच्याकडे मेलेल्या बापाच्या नावानं एक जिवंत माणूस जेवायला बसवतात, त्यालाच पित्तर म्हणतात. आदल्या दिवशी अक्षता देऊन आमंत्रण करायचं. दुसऱ्या दिवशी त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, पाटावर बसवून कढी, वडे, खीर, डांगराची भाजी वाढायची. तो जेवल्याशिवाय घरातल्या कोणी तोंडात घास घालायचा नाही. पूर्वी शेजारीच एकमेकांचे पित्तर व्हायचे. आता शेजाऱ्याला शुगर असते, नाहीतर त्याच्याशी शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून कोर्टात तारीख चालू असते, आणि त्यात सोयाबीन सोंगायला, कापायला आलेलं. मग लोकांना आमचा निवारा आठवतो.

"ताई, उद्यासाठी एक पित्तर भेटन काय?"

"भेटन. कसा पाहिजे?"

हे मी चेष्टेनं विचारायची, पण लोक मनापासून सांगायचे. एकाला मिशीवाला हवा होता, कारण बापाला मिशी होती. एकाला बिनदाताचा नको होता, कारण वडे कडक होतात. पहिल्या वर्षी सगळे हळूच विचारायचे, "कोनता हाय वो तो?" म्हणजे जात कोणती. मी म्हणायची, "बेघर हाय." त्यावर फोनच्या पलीकडे बायकोशी कुजबुज ऐकू यायची. मग "चालन, चालन, बारा वाजता पाठवा." एरवी ज्याला ओसरीवर बसू दिलं नसतं, त्याचे पाय तांब्याच्या परातीत धुतले जायचे. मेलेल्या बापाची भीती जात पंचायतीपेक्षा भारी असते, हे मी तेव्हा शिकले.

बायकांचं तर त्याहून न्यारं. नवमीला सवाष्ण जेवू घालायची असते. आमच्याकडे एक बाई होती, नवऱ्यानं मारून हाकललेली. नवरा दुसरी करून मजेत जगत होता, म्हणून ही पक्की सवाष्ण. नवमीला तिला तीन घरची आमंत्रणं. तिसऱ्या घरून ओटी भरून आली तेव्हा मला म्हणाली, "ताई, मेल्यानं कुंकू तेवढं कामाचं ठेवलं." आम्ही दोघी पोट धरून हसलो.

आमच्याकडे एक म्हातारा होता, त्याला सगळे आबाजी म्हणत. तीन वर्षांपूर्वी बसस्टँडवरून आणलेला. उंच, ताठ, धोतर स्वच्छ, मिशी भरघोस. पित्तर म्हणून याच्यासारखा माणूस जिल्ह्यात सापडला नसता. गाव विचारलं की "लांब हाय" म्हणायचा. घर विचारलं की अंगण झाडायला उठायचा. आणि पितृपक्ष लागला की त्याचा एकच हेका, मी कोणाच्या घरी बसणार नाही.

तिसऱ्या वर्षी मी एका मोठ्या घरी शब्द देऊन बसले होते. मिशी पाहिजे होती त्यांना. आबाजी काही हलेनात. माझं डोकं फिरलं.

"आबाजी, लोक पाय धुवाले तयार हायत, अन् तुमचा रुबाबच सरून नाही राह्यला! काहून नाही जात?"

"जित्या मानसानं मेल्याच्या पाटावर बसू नाही," एवढंच म्हणाले आणि झाडू घेऊन निंबाखाली गेले.

मी मनात म्हटलं, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. माझा त्यांच्यावरचा राग चार दिवस टिकला.

पाचव्या दिवशी, म्हणजे सर्वपित्री अमावस्येच्या दोन दिवस आधी, मेडशीचा जीपवाला निवाऱ्यावर आला. हा आमच्या मळ्यातली भाजी नेतो, म्हणून ओळखीचा. म्हणाला, "ताई, आमच्या गावात अमावस्येले एका घरी पित्तर पाहिजे. सारे सोंगनीत गुतले, मानूस भेटून नाही राह्यला. मोठा भला पोट्टा हाय तो, बापाचं लय मनापासून करते." मी म्हटलं, घे बाबा, बाहेर दोनचार बसले आहेत, बघून घे.

तो बाहेर गेला आणि उलट्या पावली आत आला. तोंड पांढरंफटक.

"ताई, तो झाडून राह्यला ना, तो बुढा मेला हाय."

"काय बोलून राह्यला?"

"देवाशपथ. मी सोता त्याच्या तेरवीले जेवलो. बुंदी होती." मग त्यानं पुन्हा एकदा बाहेर डोकावून पाहिलं. "अन् मले ज्याच्या नावानं पित्तर पाहिजे ना, तो हाच."

मी आबाजींना आत बोलावलं. जीपवाल्याला पाहून त्यांनी झाडू खाली ठेवला. नाकारलं काहीच नाही. हळूहळू, एकेक करून सगळं सांगितलं.

मेडशीला त्यांचं घर होतं, शेत होतं. बायको गेली. मुलानं घर नवं केलं, मधल्या खोलीत चकचकीत टाईल्स बसवल्या. आबाजींच्या खाटेच्या पायांनी टाईल्सवर ओरखडे पडत, आणि त्यांच्या तंबाखूच्या चुन्याचे डाग. एक दिवस मुलाची सासरवाडी जेवायला आली होती. मुलगा सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बाबा, तुमची खाट टिनात टाकली हाय. आता तिथीच बसत जा." टिन म्हणजे घरामागचं पत्र्याचं गोदाम, सोयाबीनची पोती ठेवायचं. आबाजी उठले, चप्पल घातली. दारातून म्हणाले, "आता बोलवाले येशीन तवाच या घरात पाय ठेवीन." आणि वाशीमला येऊन बसस्टँडवर बसले. घरापासून तासाभराच्या वाटेवर. मुलगा येईल म्हणून.

पुढचं जीपवाल्यानं सांगितलं. मुलगा बिचारा अकोल्यापासून पुण्यापर्यंत शोधत फिरला. वाशीम तेवढं राहिलं, कारण इतक्या जवळ कोण रुसून बसतं? मग कुठल्याशा गावाहून बेवारस प्रेताचा फोटो फोनवर आला. धोतर, मिशी. मुलानं रडत डोकं भादरलं आणि गावाला तेरवी घातली.

"तुमाले हे ठाऊक होतं?" मी विचारलं.

"बसस्टँडवर गावचे दोघं बोलून राह्यले होते. मी खांबाच्या आड होतो."

"मंग गेले काहून नाही?"

"बोलावलं कुठी?" आबाजी म्हणाले. "अन् तेरवीले गाव जेवलं. आता मी उभा राह्यलो तं पोराची किती फजिती! दरसाल तो माह्या नावानं कोनाले तरी बसवते. तिकडे माहं पान वाढून राह्यले, अन् मी इकडे दुसऱ्याचं जेऊ?"

मला इतका संताप आला की मी जीपवाल्यावरच ओरडले. फरशीसाठी बापाला गोदामात टाकणारी ही कसली माणसं! त्याला म्हटलं, जा, त्या पोट्ट्याला सांग की वाशीमला एक पित्तर आहे, पण आमंत्रण द्यायला स्वतः यावं लागेल. बाकी एक शब्द बोलशील तर उद्यापासून आमची भाजी तुझ्या जीपमध्ये चढणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा मोटारसायकलवर आला. अंगावर सोयाबीनचा भुसा, खिशात अक्षतांची पुडी. आबाजी खाटेवर बसले होते, त्या दिवशी धोतर दोनदा धुतलेलं. मुलगा दारातच थबकला. मग धावत येऊन त्यांच्या पायांवर पडला आणि लहान लेकरासारखा रडायला लागला. खरं रडला तो, मी साक्षीला आहे. आबाजी काठीसारखे ताठ.

"बोलवाले आला काय?"

"हो बाबा."

"तं अक्षता दे."

त्यानं पुडी सोडून अक्षता दिल्या. तेव्हा कुठे आबाजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात मग बराच वेळ काढला नाही. हॉलमधले सगळे रडत होते. मीही रडले, अगदी नाक पुसत. मुलगा आत्ताच चला म्हणत होता, पण आबाजी म्हणाले, "आमंतरन उद्याचं हाय, उद्याच येईन."

अमावस्येला सकाळी जीप आली. आम्ही त्यांना ओवाळलं, फोटो काढला. रजिस्टरमध्ये मी ठळक अक्षरात लिहिलं, "स्वगृही पोचवले." गटाच्या बायकांना पेढे वाटले. तीन वर्षांत असं लिहायची पाळी फार थोड्या वेळा आली होती. मी त्या दिवशी स्वतःवर जाम खूश होते.

दिवस मावळायला जीप परत आली. आबाजी उतरले. डोक्यावर कोरी टोपी, खांद्यावर नवा दुपट्टा, कपाळावर गंध. सरळ आपल्या खाटेवर जाऊन बसले.

"काय झालं, आबाजी? नीट नाही वागले काय?"

"लय चांगलं केलं. सारा गाव पाहाले आला. मधल्या खोलीत पाट, टाईल्सवर. पोरानं पाय धुतले, सुनेनं आग्रह करकरून वडे वाढले. समोर भिंतीवर माहा फोटो, हार घातलेला. मी म्हनलं, हार तं काढा आता. सून म्हने, आजच्या दिवस राहू द्या, ताजा हाय." ते हसले. खरंच हसले. "कढी बरी होती."

"मंग?"

"मंग मी इचारलं, माही खाट कुठी टाकशीन? ते दोघं एकमेकाकडे पाहाले लागले. पोरगा म्हने, बाबा, टिनात यंदा सोयाबीन हाय, ते इकलं की दिवाळीनंतर टिन सारा मोकळा करून देतो. पंखा बी लावतो म्हने."

मी काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला.

"पोराचं काही चुकलं नाही, ताई. बोलावलं, जेवू घातलं, टोपी देल्ली. पित्तर मुक्कामी राह्यते काय?"

टोपी काढून त्यांनी नीट घडी केली आणि उशीखाली ठेवली. मी रजिस्टर काढलं, सकाळचं ते ठळक वाक्य खोडलं, आणि खाली काय लिहावं ते सुचेना म्हणून तसंच बंद केलं.

घरी येताना वाटेतच मळा लागतो. मोटारीच्या खोलीत दिवा होता. सासरे खाटेवर बसून दुपारी फडक्यात बांधून पाठवलेल्या डब्यातले उरलेले वडे खात होते. आमच्याही घरी त्या दिवशी माझ्या आजेसासऱ्यांचं पित्तर होतं. शेजारचे काका बसले होते, मधल्या खोलीत, टाईल्सवर. ज्यांच्या बापाचं ते पान, त्यांना मी डबा पाठवला होता, आणि गरम पाठवला म्हणून माझं मलाच कौतुक वाटलं होतं. मी दारात उभी राहिले. लाज वाटली, इतकी की आत पाय टाकवेना.

घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, चला, खाट आणायची आहे. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, पण आला. आम्ही दोघांनी खाट उचलली, मामाजी काठी टेकत मागून आले. मधल्या खोलीत खिडकीखाली ती ठेवली तेव्हा टाईल्सवर करकर आवाज झाला. मी तिकडे पाहिलं नाही.

मामाजी उभेच होते. "काहून वो," ते म्हणाले, "मळ्यात कोनी पाहुने येऊन राह्यले काय?"

"नाही, मामाजी. तुमी इथीच झोपत जा आता."

ते खाटेवर टेकले. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. मग खाटेची दांडी घट्ट धरून अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "डाक्टर काही बोलला काय तुमाले? खरं सांगा, मी मरून राह्यलो काय?"