खाटेची साक्ष

मोठ्या सिस्टरांना देशाचा आरोग्य विमा कसा चालवावा हे पक्कं ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढीच काय ती अडचण. पण विचारल्यावरच बोलायची सवय असती तर त्या मोठ्या सिस्टर झाल्याच नसत्या. लिफ्टमध्ये, कपडे बदलायच्या खोलीत, औषधांच्या खिडकीपाशी, जो तावडीत सापडेल त्याला त्या ऐकवायच्या, "पाय कापायचा असेल तर विमा पैसे देतो. पाय वाचवायचा असेल तर देत नाही. माणूस वेळेवर साखर तपासायला आला, की म्हणे खिशातून भर. बोट काळं पडल्यावर आला, की सगळं फुकट. अशानं वेळेवर येईल कोण?" ऐकणारा मान डोलवायचा आणि पुढच्याच मजल्यावर उतरून जायचा, मग तिथं त्याचं काम असो नाहीतर नसो.

दुसऱ्या मजल्यावरच्या लांबलचक वॉर्डच्या त्या इनचार्ज. पन्नाशी उलटलेली, आवाज खणखणीत, चालणं असं की रबरी तळव्यांच्या चपला असूनही त्या येताहेत हे दाराबाहेरूनच कळावं. आपलं चुकलं असेल का, असा प्रश्न त्यांना क्वचितच पडायचा, आणि पडलाच तर उत्तर 'नाही' असं यायचं. बरोबरीच्या माणसाला राग यावा असाच हा स्वभाव, पण घाबरून वॉर्डात आलेल्या पेशंटला त्याचाच आधार वाटायचा.

त्यांचा खरा दात होता तो खाटेच्या नियमावर. विम्याचं म्हणणं असं, की पेशंटनं दवाखान्याच्या खाटेवर एक रात्र काढली तरच त्याच्यावर उपचार झाला असं धरायचं. रात्र नाही, तर पैसे नाहीत. आता दोन तासांचं सलाईन असो, रक्त चढवणं असो की खोल जखमेचं ड्रेसिंग असो, काम दुपारीच उरकलेलं असायचं. तरी माणूस दुसऱ्या सकाळपर्यंत खाटेवर पडून. अशांना सिस्टरांनी नाव ठेवलं होतं 'मुक्कामी'. मुक्कामी धडधाकट बसलेले, वर्तमानपत्रातली कोडी सोडवणारे, एकमेकांचे आजार तोंडपाठ झालेले. आणि खाली तातडीच्या विभागात धाप लागलेली म्हातारी स्ट्रेचरवर ताटकळत, कारण वर खाट रिकामी नाही. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना ही म्हातारी कुठून दिसणार?

मुक्काम्यांपैकी एक होते किल्लीवाले काका. बाजाराच्या कोपऱ्यावर, एका जिन्याखालच्या टपरीत ते किल्ल्या बनवायचे आणि बिघडलेली कुलपं दुरुस्त करायचे. त्यांना रक्ताचा जुना आजार होता. दर पंधरवड्याला सलाईनमधून एक औषध घ्यायचं, असं वर्षभर, आणि मध्ये खंड पडता कामा नये. खंड पडला तर तेच औषध पुन्हा लागू पडेल याची डॉक्टर खात्री देत नव्हते. औषध इतकं महाग, की विमा नसता तर काकांनी गावातली सगळी कुलपं उघडून ठेवली असती तरी ते परवडलं नसतं.

काका पहिल्यांदा मुक्कामाला राहिले त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांची बायको बंद टपरीसमोर सापडली, घरातल्याच कपड्यांत, अनवाणी. तिला अलीकडे विसर पडायला लागला होता. दिवसा त्यातल्या त्यात ठीक असायची, पण दिवेलागणीला नवरा समोर दिसला नाही की ती त्याला शोधायला बाहेर पडायची. ते दवाखान्यात आहेत, उद्या येतील, असं शेजारीण सांगायची. पटायचंही. मग जरा वेळानं ती पुन्हा दाराची कडी काढायची. पुढच्या खेपेला काका औषध बंद करतो म्हणाले.

"औषध बंद करायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. "सलाईन संपलं की मागच्या जिन्यानं घरी जायचं. सकाळी सहाला मला खाटेवर दिसायचं. बाकी मी बघते." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं चादरीखाली दोन उश्या आडव्या घातल्या.

वॉर्डात गुपित किती दिवस टिकणार? हळूहळू आणखी तिघांनी आपल्या घरच्या अडचणी सांगितल्या. एकाचं तान्हं मूल, एकीचे अंथरुणाला खिळलेले सासरे, एकाचं चक्क कुत्रं. सिस्टरांनी कुत्र्यालाही हो म्हटलं. वॉर्डात उश्या कमी पडू लागल्या.

आता गंमत अशी, की सिस्टरांची थोरली नणंद विमा कार्यालयात होती. दवाखान्यांनी मागितलेले पैसे खरे की खोटे, हे तपासणारी अधिकारी. घरात तिला सगळे ताई म्हणत. दर रविवारी ताई जेवायला यायच्या आणि पहिला घास पोटात जायच्या आत गाडी विम्यावर यायची. ताईंचा धाकटा भाऊ म्हणजेच सिस्टरांचे मिस्टर. ते दोघींच्या मधे बसून भाजीचं भांडं इकडून तिकडे सरकवायचे. त्यांचं मत दोघींनीही कधी विचारलं नव्हतं.

"खाट काढा म्हणतेस," एका रविवारी ताई म्हणाल्या. "पूर्वी नव्हतीच खाट. तेव्हा काय झालं माहितीये? एका दवाखान्यानं एकाच माणसाच्या ड्रेसिंगचे पैसे वर्षभर उचलले. मी चौकशीला त्याच्या घरी गेले, तर तो माणूस कधीचाच वारलेला. बायको मलाच विचारते, आता बरी आहे का हो जखम?"

मिस्टरांना हसू आलं, ते त्यांनी पाण्याबरोबर गिळलं.

"म्हणून खाट आणली," ताई म्हणाल्या. "खाटेवर माणूस डोळ्यांना दिसतो, वहिनी. खाट माझी साक्षीदार आहे."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."

"असेल. पण नियम काढा म्हणायला काय जातं? त्याच्या जागी काय ठेवू ते सांग. खाट नसेल तर माणूस आला होता हे मला कळणार कसं? ह्या गुरुवारी सुधारणा सुचवायची सभा आहे आमच्याकडे. उत्तर असेल तर ये बोलायला."

सिस्टरांनी ताईंना न विचारताच आणखी भाजी वाढली. दुधानं तोंड पोळलेल्या माणसानं ताक फुंकून प्यावं, यात चूक काय काढणार?

मंगळवारी पहाटे ताई वॉर्डच्या दारात उभ्या राहिल्या. गळ्यात ओळखपत्र, बरोबर एक कारकून. अचानक तपासणी. रविवारी जेवताना त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. सिस्टर त्यांच्या जागी असत्या तर त्यांनीही काढलं नसतं. रात्रपाळीची एक नर्स रजेवर होती म्हणून सिस्टर त्या आठवड्यात स्वतः रात्रपाळी करत होत्या.

ताईंनी पहिली चादर उचलली. उश्या. दुसरी उचलली. उश्या. तिसऱ्या खाटेवर खरोखरच माणूस होता. तो दचकून उठून बसला आणि त्यानं ताईंनाच विचारलं, "चहा आला का?"

चार खाटा रिकाम्या निघाल्या.

"सिस्टर, हे पेशंट कुठे आहेत?"

"घरी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच पाठवते त्यांना."

कारकुनाचं पेन थांबलं. ताईंनी वहिनीला चादरींच्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. "काय करून बसलीस हे, वहिनी? ह्या चौघांची विम्याची कार्डं आता वर्षभर बंद होणार. माझ्या हातात काही नाही, नियमच आहे तसा."

वर्षभर म्हणजे काकांचं औषध तुटलं. ज्या माणसाला सांभाळायला गेलो त्याला आपणच बुडवलं, हे सिस्टरांना स्वच्छ दिसलं आणि त्या घाबरल्या. चादरींच्या गठ्ठ्यावर हात टेकून त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मग त्यांच्यातली नेहमीची बाई जागी झाली.

"ताई, तुमची साक्षीदार फितूर झालीय."

"कोण?"

"खाट. किती महिने ती तुम्हाला सांगतेय, माणूस इथंच आहे. माणूस होता घरी. औषध मात्र प्रत्येकाला मिळालंय, थेंबन् थेंब. ते खाटेला काय ठाऊक? ज्याला सुई टोचली त्याला विचारा ना. संध्याकाळी घरी फोन करा."

"खोटे पेशंट दाखवणारे फोन नंबरही खोटे देतील. पलीकडे त्यांचाच माणूस बसेल."

"मग फोन करा आणि दहातल्या एकाच्या घरीही जा. त्या ड्रेसिंगवाल्याची चोरी तुम्ही कशी पकडलीत? तेव्हा कुठे होती खाट? तुम्ही त्याच्या दारात गेलात म्हणून चोर सापडला."

ताई बाहेर जाऊन मागच्या जिन्याशी खुर्ची टाकून बसल्या. सहाला चौघंही जिना चढून वर आले आणि ताईंना बघून जागच्या जागी थिजले. ताईंनी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, कुठलं औषध, कुणी लावलं, किती वेळ चाललं, त्रास काय झाला. चौघांनीही नीट सांगितलं. काकांनी तर शीर सापडेना म्हणून दोनदा टोचल्याची तक्रार केली, आणि वर चहा पाणचट असतो हेही ऐकवलं.

"हे खरे पेशंट आहेत," ताई परत येऊन म्हणाल्या. "आजवर मला भेटलेले सगळे खोटे पेशंट अगदी समाधानी होते." मग त्यांचा आवाज पुन्हा कार्यालयातला झाला. "पण उश्यांचा अहवाल मला लिहावाच लागेल."

"लिहा. माझं नाव घालून लिहा. आणि गुरुवारी सभेत मोठ्यानं वाचा. तुमचं झालं की मी बोलते."

सभेला पुष्कळ लोक होते. खासगी दवाखान्यांच्या माणसाला दर वाढवून हवे होते, औषधवाल्यांच्या माणसाला पैसे लवकर हवे होते. ताईंनी अहवाल वाचला. एक शब्द मऊ केला नाही. वहिनीचं नाव घेतानाही आवाज हलला नाही. मग सिस्टर उठल्या. खाट फितूर कशी होते, खालची म्हातारी वर का येत नाही आणि सुई टोचलेल्याला का विचारायचं, हे त्यांनी लिफ्टमध्ये बोलावं तसंच सांगितलं. इथं मात्र कुणाला मधेच उतरून जायची सोय नव्हती.

"तुम्ही नियम मोडल्याचं कबूल करताय?" अध्यक्षांनी विचारलं.

"करते. माझी चौकशी करा. पण त्या चौघांची कार्डं बंद करू नका, त्यांनी माझं ऐकलं एवढाच त्यांचा गुन्हा. आणि इथं बसलेल्यांपैकी ज्याच्या दवाखान्यात अशा उश्या नसतील त्यानं हात वर करावा."

खासगी दवाखान्यांचा माणूस छताकडे बघू लागला. हात एकाचाही वर आला नाही. तेवढ्यात ताई पुन्हा उभ्या राहिल्या. उपचार झाला की दवाखान्याला अर्धे पैसे द्यावेत, उरलेले पेशंटचा जबाब आल्यावर, आणि घरी चौकशीला जाणारा माणूस दर वेळी बदलावा, म्हणजे ओळखीपाळखी व्हायच्या नाहीत, असं त्यांनी सुचवलं. नणंद-भावजयींनी हे आधी ठरवलं असणार असं सगळ्यांना वाटलं. ठरवलं काहीच नव्हतं. ताईंनी ते आदल्या दोन दिवसांत एकटीनं घासून-पुसून तयार केलं होतं.

निकाल महिनाभरानं आला, तोवर चौघांची कार्डं चालूच ठेवली होती आणि पुढेही ती चालू राहिली. खाटेचा नियम त्या एका वॉर्डापुरता तीन महिने बाजूला ठेवून बघायचं ठरलं. फोनना नीट जबाब मिळाले तर पुढचा विचार, नाहीतर खाट परत. नियम मोडला म्हणून सिस्टरांकडून तेवढ्या काळापुरता वॉर्ड काढून घेतला. आणि फोन कुणी करायचे असा प्रश्न आला, तेव्हा ज्यांनी सुचवलं त्यांनीच करावेत असं वरून उत्तर आलं. झालं, सिस्टरांची रवानगी विमा कार्यालयात झाली, ताईंच्या समोरच्या टेबलावर. वॉर्ड सोडताना त्यांना रडू आलं, पण आपण जिंकलोय याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. "आता दिवसभर बोला काय ते," मिस्टर म्हणाले. "घरी मला दोन घास शांतपणे खाऊ द्या."

पहिल्या संध्याकाळी पहिलाच नंबर किल्लीवाल्या काकांचा होता. त्यांचं सलाईन दुपारी संपलं होतं. ताईंनी खुर्ची जवळ ओढली. सिस्टरांनी फोनचा आवाज मोठा करून ठेवला.

पलीकडे काकांच्या बायकोचा आवाज आला.

"आरोग्य विम्यातून बोलतेय," सिस्टर म्हणाल्या. "आज तुमच्या घरातलं कुणी दवाखान्यात गेलं होतं का?"

खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते.

"दवाखान्यात?" बाई म्हणाली. "छे हो. आमच्याकडे कोण जाणार दवाखान्यात? हे घरीच आहेत. हे काय, माझ्यासमोर बसलेत जेवायला."

सिस्टरांनी ताईंकडे बघितलं. पहिला जबाब, आणि तोही साफ उलटा. काकांना फोन द्या म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. ताईंनी हात लांब करून त्यांच्याकडून फोन घेतला.

"असू द्या, असू द्या," ताई म्हणाल्या. "जेवू द्या त्यांना सावकाश. आम्ही मग करतो फोन."