बंद आहे ना?

कुलूप लावून झालं की वैजूताई ते ओढून पाहायच्या आणि ओढताना पुटपुटायच्या, "एक, दोन, तीन, चार..." जगतपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत त्या सगळ्यांशी हिंदीच बोलत, पण मोजणी मात्र मराठीत. मध्येच कुणी "नमस्ते, मॅडमजी" म्हटलं की हसून उत्तर देत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. मग कुलूप उघडून आत, गॅसचं बटण पाहायला. मग परत कुलूप. शेजारच्या दारात मी हेल्मेट घेऊन उभी असायची. स्कूटरवर मागे बसताना त्या विचारत, "तू पाहिलं नं? बंद आहे ना?" मी "हो" म्हणायची. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात शिकवत होतो. त्या रसायनशास्त्र शिकवायच्या. माहेर अकोल्याचं. यजमान विमा कंपनीत, बदली कोट्याला, त्यामुळे ते शनिवारी येत. प्रयोगशाळेतून ताई सगळ्यांच्या शेवटी निघत आणि मुलं त्याला शिस्त समजत. एकदा मी म्हटलं, "ताई, इतक्या शिकलेल्या तुम्ही, तुम्हाला कळत नाही का?" त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "गॅस बंद आहे हे मला माहीत असतं गं. पण ते माहीत असणं आत पोचतच नाही."

मग अकोल्याहून दादांचा, म्हणजे त्यांच्या मोठ्या भावाचा फोन आला. आई दवाखान्यात होती, वैजूचं नाव घेत होती. ताई लगेच स्टेशनला जायला ऑटोत बसल्या. अर्ध्या वाटेवर त्यांनी ऑटो वळवायला लावला. "भैया, दो मिनट, घर होके चलते हैं." त्या घरी आल्या, पाहिलं, पुन्हा पाहिलं. गाडी चुकली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने पोचल्या तोवर आई शुद्धीत नव्हती, आणि ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही. दादांना त्यांनी ट्रॅफिकचं कारण सांगितलं. त्या दिवसापासून दादा त्यांच्याशी बोलेनासे झाले.

परत आल्यावर त्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. "आई वाट पाहून राहिली होती आणि मी इथे गॅसचं बटण पाहत होते. आता कुणा डॉक्टरला दाखवते."

मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी आजाराचं नाव सांगितलं, ओसीडी. गोळ्या दिल्या आणि सराव दिला. एकदाच पाहायचं, निघायचं, आणि मनात जे उसळेल ते उसळू द्यायचं. माझ्यासाठीही एक निरोप होता. ताईंनीच तो सांगितला. "मी विचारलं तरी 'बंद आहे' असं तू म्हणायचं नाही. तुझ्या 'हो'नेच ते वाढतं म्हणे."

सोपं वाटलं होतं. पहिल्याच सकाळी त्यांनी विचारलं आणि मी म्हटलं, "नाही सांगणार, ताई."

"एवढं एक वाक्य बोलायला काय जातं तुझं?"

मी स्कूटर चालवत राहिले. माझा खांदा त्यांनी इतका घट्ट धरला होता की दुखत होता. कॉलेजच्या फाटकाशी उतरल्या तेव्हा चेहरा रडून लाल झाला होता. तशाच वर्गावर गेल्या आणि तास घेतला.

पुढचे कित्येक महिने असेच गेले. काही दिवस बरे, काही वाईट. परीक्षांच्या दिवसांत सगळं पुन्हा उफाळून आलं, गोळीचं प्रमाण वाढवावं लागलं. पूर्ण बऱ्या झाल्या असं नाही. पण कुलपाशी त्या एकदाच थांबू लागल्या.

आईच्या वर्षश्राद्धाला त्या अकोल्याला एकट्या गेल्या, आदल्या दिवशीच पोचल्या. परत आल्यावर मी विचारलं, "दादा बोलले?"

"मीच बोलले. म्हटलं, ट्रॅफिक नव्हतं रे दादा. मी अर्ध्या वाटेवरून गॅस पाहायला घरी गेले होते. मला हा आजार आहे. दादा म्हणे, तेव्हाच का नाही सांगितलंस? मी म्हटलं, तू हसला असतास."

"मग?"

"त्याने नाकारलं नाही. म्हणे, हो, हसलो असतो." ताईंनी ओढणीने चष्मा पुसला. "मग त्याने माझं ताट वाढलं."