आंब्याजवळचं लहान टेपाड

गावी जुन्या जागांची नोंद करायला सरकारची एक सर्व्हेवाली पोरगी आली होती, तेव्हा शेतात मी, माझे धाकटे दीर आणि ती, एवढीच माणसं होतो. आज लालबागला आमच्या चाळीखाली मंडपासाठी पोरांनी चुना टाकून आखणी केली, त्याचा वास जिन्यात आला नि ते सगळं आठवलं. गावी आमच्या शेतात दगडामातीची जुनी टेपाडं आहेत. पोरगी म्हणाली, "आजी, यांच्यात हजारो वर्षांपूर्वीची माणसं पुरलीत. पुढे खोदून बघणार." एकेकाभोवती चुन्याचं रिंगण करत ती आंब्याजवळच्या लहान टेपाडापाशी आली. तिने रिंगण केलं, मी ते पायाने पुसलं. दीर ओरडले, "वहिनी, सरकारी काम आहे ते!" मी म्हटलं, "भावजी, हे जुन्या माणसांचं नाय. यात माझी मुलगी आहे. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून ह्यांनी वर दगड रचले." दीरांना हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं. पोरीने हळूच नाव विचारलं. "बारशाआधीच गेली बाय, नाव कुठलं?" तिने परत चुना टाकला नाही, पण म्हणाली, "खोदायला दुसरे येतील, आजी." आता माझ्या गुडघ्यांनी गावाला जाणं होत नाही. म्हणून सांगते, तुमच्यातलं कोणी तिकडे खोदायला गेलं, तर मोठी सगळी खोदा, आंब्याजवळचं लहान तेवढं सोडा.