जिनिंगच्या जागेतला ओढा

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. देवाला साक्ष ठेवून तर मी नेमकं उलटं बोललो, ते पुढे येईलच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि तरी लिहिता लिहिता मनात येतंच आहे — तुम्ही शेवगावचे तर नाही? आमच्या कॉलनीतल्या कोणाचे पाहुणे तर नाही? बघा. हा माझा स्वभाव.

मी संशयी माणूस आहे. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो. भाजीवालीने हसून कोथिंबीर जास्त दिली, तर घरी येऊन आधी टोमॅटो उलटेपालटे करून पाहतो. बायको म्हणते, ह्यांना स्वतःच्या सावलीचंही आधार कार्ड बघायला लागतं. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. दोन मुलांची चित्रं सारखी आली, की कोणाचं मूळ आणि कोणाची नक्कल हे शोधण्यातच माझा तास जायचा. चित्रं चांगली होती का? ते आता आठवत नाही.

तर, जागा. गावाबाहेर जुन्या जिनिंग मिलची जागा होती. मिल बंद पडून जमाना झाला होता, शेड पडलेली, आत वेड्या बाभळी आणि काँग्रेस गवत. विकास आराखड्यात ती व्यापारी झोनमध्ये होती, म्हणजे तिथे दुकानं व्हायची होती. एकही दुकान कधी झालं नाही. आमच्या शाळेतल्या बारा जणांनी ठरवलं, की जागा मिळून घ्यायची, झोन बदलून रहिवासी करायचा, आणि बारा छोटे प्लॉट पाडायचे. मूळ मालक तयार होता. अट एकच, झोन बदल झाला तरच व्यवहार. प्लॉट आपापसात बोलून ठरले. पुढचे, रस्त्याकडचे दोन, मला आणि ढवळे सरांना. ढवळे सर विज्ञान शिकवायचे आणि आमच्या गटाचे प्रमुख होते. माझ्या प्लॉटच्या पाठीला पाठ लावून मागचा प्लॉट शब्बीरभाईंचा.

शब्बीरभाई आमच्या शाळेतले लिपिक. नगरपरिषदेतली सगळी धावपळ त्यांनीच केली. आम्हाला फाइल कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर जाते ते कुठे कळत होतं? ते शाळा सुटली की मोटारसायकलला किक मारून निघायचे. ठराव करून घेतला, नकाशे करून घेतले, हेलपाटे घातले. ते राहायचे खालच्या वस्तीत, थोरल्या भावाच्या घरात, दोन खोल्यांत सात माणसं. स्वतःचं घर हवं हे आम्हा सगळ्यांना वाटत होतं. त्यांना ते लागतच होतं.

इथपर्यंत सरळ आहे ना? इथून पुढे मी आहे.

एक दिवस शाळेच्या कार्यालयात गेलो, तर शब्बीरभाई टेबलावर नकाशा पसरून बसले होते. आमच्याच लेआउटचा नकाशा. पुढच्या दोन प्लॉटच्या रस्त्याकडच्या बाजूवर पेन्सिलीने तिरक्या रेघा मारल्या होत्या. चांगली बोटभर रुंद पट्टी. मला पाहिलं आणि त्यांनी नकाशा गुंडाळला. म्हणाले, "मंग सांगतो, सर." बस, एवढंच.

मग सांगतो — का मग? माझ्या प्लॉटवर रेघा, आणि मलाच मग? चार दिवस मी झोपलो की नाही कोण जाणे. पाचव्या दिवशी माझ्या डोक्यात सगळं जुळलं होतं. पुढची पट्टी व्यापारीच ठेवायची, तिथे गाळे काढायचे, ते कोणाच्या तरी घशात घालायचे, आणि मला मागे कुठेतरी सरकवायचं. शब्बीरभाई रोज उगाच का हेलपाटे घालतात? एवढं कोण कोणासाठी करतं? मी विचारायला हवं होतं. एक वाक्य. "शब्बीरभाई, त्या रेघा कसल्या?" पण मी विचारत नाही. मी शोधून काढतो.

झोन बदलाची जाहिरात पेपरात आली. कोणाची हरकत असेल तर महिन्याभरात कळवावी. मी नगरला गेलो, स्टँडजवळच्या टायपिंगवाल्याकडून अर्ज टाइप करून घेतला. या जागेतून जुना ओढा वाहतो, तो बुजवून घरं झाल्यास पावसाचं पाणी खालच्या वस्तीत शिरेल. खाली, एक जागरूक नागरिक. निनावी अर्ज कचऱ्यात जातात हे मला माहीत होतं, म्हणून सोबत हाताने काढलेला नकाशा जोडला. ओढा कुठून येतो, कुठे वळतो, वस्तीत कुठे उतरतो. चित्रकलेचा शिक्षक मी. ओढा इतका छान निघाला, की क्षणभर मलाच तो खरा वाटला. काम पुढे ढकललं जाईल, मग पट्टीचं कारस्थान आपोआप उघडं पडेल, असा माझा हिशेब.

ओढा नव्हता. मिलच्या काळातला सांडपाण्याचा एक चर होता, तोही बुजलेला.

काम अडलं. नगरपरिषदेत सुनावणी लागली. साहेबांनी अर्ज आणि नकाशा टेबलावर ठेवला आणि आमच्या गटातल्या सगळ्यांना पाहू दिला. मी मागे उभा होतो. सगळ्यांनी अर्ज वाचला. शब्बीरभाईंनी मात्र अर्ज बाजूला ठेवला आणि नकाशाच पाहत राहिले. बराच वेळ. स्थळपाहणी पावसाळ्यानंतर करू, असं साहेब म्हणाले.

बाहेर येता येता कोणीतरी म्हणालंच. खालच्या वस्तीची काळजी कोणाला? वस्तीत भाऊ कोणाचा राहतो? फाइलमधल्या खाचाखोचा कोणाला ठाऊक? लोकांना बारा जणांतून एक माणूस शोधायचा होता, आणि त्यातला एकच वेगळा होता. त्याच्यावर बोट ठेवणं सगळ्यांना सोपं गेलं. का सोपं गेलं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता मी असं म्हणू शकतो, की लोकांनी गैरसमज करून घेतला, माझा तसा हेतू नव्हता. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. खोटं आहे ते. टायपिंगवाल्यासमोर बसलो होतो तेव्हा हरकतीला पन्नास कारणं देता आली असती. रस्ता अरुंद आहे, शाळा जवळ आहे, काहीही. मी खालची वस्ती निवडली. का निवडली? — कारण संशय माझ्यावर न येता कोणावर जाईल, हे मला लिहितानाच माहीत होतं. संशय कसा चालतो हे माझ्याइतकं कोणाला कळणार?

अजून राहिलंय. खरं तेच राहिलंय.

एका रविवारी शाळेत, माझ्याच चित्रकलेच्या वर्गात, बैठक झाली. किल्ली माझ्याकडे असायची. बरीच बोलाचाली झाल्यावर आमच्यातल्या एकांनी सुचवलं, की बेलभंडारा उचलू. आमच्याकडे ही रीत आहे. खंडोबाचा भंडारा आणि बेलाचं पान हातात घेऊन बोललेला शब्द अखेरचा, मग त्यावर कोणी शंका काढत नाही. शिकलीसवरलेली माणसं आम्ही, विज्ञानाचे ढवळे सरसुद्धा हो म्हणाले. ताट आलं. वयाने मी मोठा, म्हणून ताट माझ्या हातात दिलं.

मी पहिला. बेलाचं पान उचललं, चिमूटभर भंडारा घेतला, कपाळाला लावला आणि म्हणालो की ही हरकत मी घेतलेली नाही. आवाज जरासुद्धा हलला नाही. मग ताट घेऊन बाकावरून बाकाकडे जात राहिलो. प्रत्येकाने उचललं. प्रत्येकाने तेच म्हटलं. ते दहाही जण खरं बोलत होते.

शेवटच्या बाकावर, दाराजवळ, शब्बीरभाई होते. ते उठून उभे राहिले, हात पुढे केला आणि म्हणाले, "सर, मलाबी उचलू द्या. माझ्या आज्यानं उचल्याला हाय ह्या गावात."

कोणीतरी मागून म्हणालं की राहू द्या, त्यांना कसं चालेल. अगदी सौम्यपणे म्हणालं, जणू त्यांचीच सोय बघत होतो आम्ही. मी दोन पावलांवर होतो. ताट माझ्या हातात होतं. नुसतं तिथे थांबलो असतो तरी पुरलं असतं. मी वळलो आणि ताट टेबलावर नेऊन ठेवलं. अकरा कपाळांवर भंडारा होता आणि एक कपाळ कोरं होतं. त्यानंतर कोणाला काही बोलायची गरजच पडली नाही. ज्याला उचलू दिलं नाही, त्यानेच उचलला नाही म्हणून तो दोषी ठरला.

शब्बीरभाई बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ढवळे सरांना निरोप दिला, की माझा प्लॉट दुसऱ्या कोणाला द्या.

पावसाळ्यानंतर पाहणी झाली. ओढा सापडला नाही. दीडेक वर्षाने झोन बदलाची मंजुरी आली आणि तिच्यासोबत सगळी फाइल आमच्या हाती आली. त्या तिरक्या रेघांचा अर्थ त्या दिवशी कळला. ती पट्टी रस्ता रुंदीकरणात जाणार होती. फाइलमध्ये शब्बीरभाईंच्या अक्षरातला एक अर्ज होता. पुढच्या दोन प्लॉटवाल्यांची जागा जाते, तरी ते नुकसान बाराही जणांत सारखं वाटून घ्यायला परवानगी द्यावी. मला कळण्याआधी माझी जागा वाचवायची त्यांची खटपट चालली होती. काम होईस्तोवर मला काळजी नको म्हणून, मग सांगतो.

आता तुम्ही विचाराल, तेव्हा तरी बोललात का? नाही. उलट शब्बीरभाईंचा प्लॉट मीच घेतला. पाठीला पाठ होता, सोयीचा होता. तिथे माझी बाग आहे. लिंबू, कढीपत्ता, दोन शेवगे. लाज वाटत होती का? वाटत होती. लाज वाटत असतानाच आळी केली, पाणी घातलं, पहिली लिंबं आली तेव्हा शेजाऱ्यांना वाटली.

मागच्या महिन्यात शब्बीरभाई घरी आले, पहिल्यांदाच. धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. अजून भावाकडेच राहतात. मला लगेच वाटलं, हा आत्ता का आला? काय हवं असेल? — बघा, अजूनही. बायकोने त्यांना मागे बागेत बसवलं, ऊन कमी म्हणून. ते लिंबाखाली खुर्चीवर बसले, बुटाच्या टोकाने माती थोडी उकरली. कोरडी होती.

मी काहीतरी हवापाण्याचं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि साध्या आवाजात म्हणाले, "त्या नकाशावरचा उत्तरेचा बान तुमचा हुता, सर."

माझा बाण. शेपटीला तीन फाटे, मोराच्या पिसासारखे. एकतीस वर्षं फळ्यावर तसाच काढला, हजारो मुलांना शिकवला. शाळेच्या इमारतीचा मी काढलेला नकाशा कार्यालयात, नेमका त्यांच्या टेबलाच्या वर टांगलेला आहे, त्यावरही तोच. अर्ज परगावी टाइप करून आणणाऱ्या माणसाला बाण बदलायचं सुचलं नव्हतं.

मी विचारलं, मग बैठकीत बोलला का नाहीत?

"ताट तुमच्या हातात हुतं," ते म्हणाले. "मला वाटलं, तुमी थांबाल."

ते रागावलेले दिसत नव्हते. चहा पूर्ण प्यायले, बशी खाली ठेवली, बायकोला लग्नाचं आग्रहाने सांगितलं आणि गेले. ते फाटकाबाहेर वळेपर्यंत बोलता आलं असतं.

लग्नाला गेलो. त्यांनी मला पुढच्या पंगतीत बसवलं आणि स्वतः वाढलं. जेवलो.

काल संध्याकाळी कॉलनीच्या गेटपाशी ढवळे सर एका नव्या भाडेकरूला आमच्या जागेची हकिकत सांगत होते. किती त्रास झाला, आपल्यातल्याच एकाने कशी हरकत घेतली होती, त्या शब्बीरने. मग माझ्याकडे वळून म्हणाले, काय हो सर, बरोबर ना?

मी हो म्हणालो.