सहा बोटांची बाई

दुसऱ्यांच्या पूर्वजांवर सदर भागातल्या आमच्या घरमालक काकांइतकं निःस्वार्थ प्रेम करणारा माणूस उभ्या नागपुरात झाला नसेल. काका रेल्वेतून निवृत्त झाले आणि भंगारवाल्यांकडून जुन्या तसबिरी आणू लागले. घरोघरी फोटो येण्याआधी फिरते चित्रकार गावोगाव जात आणि जेवणखाण, निवाऱ्याच्या मोबदल्यात घरच्या माणसांची चित्रं काढत. त्यांतल्या या तसबिरी. सगळ्यांचे डोळे बशीएवढे, मान नावापुरती, आणि बसलेला माणूस हमखास खुर्चीतून घसरत असलेला. अशी बरीच अनोळखी मंडळी काकांच्या बैठकीत लटकत असत आणि चहा पिताना आपल्या कपात डोकावत. काका त्यांची घराणी शोधत हिंडायचे. स्वतःच्या मेहुण्याला ते रस्त्यात ओळखत नसत, पण कुण्या मिशीवाल्याची पणती इतवारीत कोणाकडे दिली, हे तोंडपाठ. काकू म्हणायच्या, "या घरात मान पाहिजे असन तं पहिले मरा लागते."

हातावर पोपट घेतलेल्या एका तरुण बाईच्या चित्रात त्या हाताला सहा बोटं होती. चित्रकाराला मोजता येत नसेल, असं मी म्हणालो. काका माझ्यावर रुसले. मग म्हणाले, "चेहरा चुकन गा, बोट काहून चुकन? फुकटचं बोट कोणी रंगवते का?"

चित्र सावनेरहून आलं, एवढंच भंगारवाल्याला ठाऊक होतं. असं बोट घराण्यात उतरतं, म्हणून काका ते चित्र आणि मला घेऊन तिथल्या बाजारात बायकांचे हात न्याहाळत फिरू लागले. एका भाजीवालीने आम्हाला ज्योतिषी समजून मुलीच्या लग्नाचं विचारलं. दिवाळीनंतर जमेल, असं काकांनी सांगूनही टाकलं. शेवटी एका पानवाल्याने सहा बोटांच्या म्हातारीचं घर दाखवलं.

तिची आई तिच्या जन्मावेळीच गेली होती. आजोळ मोडलं तेव्हा तिथलं सगळं सामान विकलं गेलं. आईचा चेहरा तिने कधी पाहिलाच नव्हता. आताही ती चेहऱ्याकडे नंतर वळली. आधी तिने आपला हात चित्रातल्या हाताशेजारी धरला.

"मले सारे म्हणत, हे बोट घेऊन आली अन् मायले खाल्लं," ती म्हणाली. "हे तं तिचंच हाय."

चित्र तिथेच ठेवून आम्ही निघालो. बस अर्ध्या वाटेवर आली तेव्हा काका म्हणाले, "तुह्या काकूचा एकबी फोटो नाही गा घरात."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी फोटोवाल्याला बोलावलं. तो फोटो आता त्यांच्या मुलीकडे आहे. नव्या लुगड्यात काकू अवघडून बसल्या आहेत आणि ओठ दाबून हसू आवरताहेत. मागे उभ्या काकांचं तोंड उघडं आहे. ऐन वेळी ते काकूंना काहीतरी सांगत होते. काय, ते विचारायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही, आणि आता दोघंही नाहीत.