डाव्या बाजूच्या काकू

अण्णांशी वाद घालून जिंकलेला माणूस मी भिंगारात पाहिला नाही. हेडक्लार्क म्हणून उभा जन्म सरकारी कचेरीत गेला. निवृत्तीनंतरही रोज कुठल्या तरी नियमावर बोट ठेवल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. आमचं अडलेलं नळाचं कनेक्शन त्यांनीच अर्ज करकरून मिळवून दिलं होतं. त्यामुळे शेजारी म्हणून मी त्यांचं बरंच ऐकून घेई, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडतही.

त्यांच्या जुन्या गाडीला डावा आरसाच नव्हता. हवालदारानं अडवलं की अण्णा काच खाली करून शांतपणे म्हणत, "ही गाडी कंपनीतून एकाच आरशाची आली. उजवा शाबूत आहे, आतला शाबूत आहे. आता कुठल्या नियमाखाली पावती फाडता, तेवढं सांगा." हवालदार कंटाळून सोडून देई. अण्णा मग दिवसभर खुशीत.

डावीकडचं बघायला शेजारी त्यांची बायको, आमच्या काकू होत्या. घोडेगावच्या शेतकऱ्याची लेक, आवाज खणखणीत. मान खिडकीबाहेर काढून त्या एसटीच्या कंडक्टरसारखी दारावर थाप मारत, "येऊ द्या, येऊ द्या... थांबा." उन्हाधुळीनं डोळे सदा लाल. एकदा मी म्हणालो, "अण्णा, आरसा बसवून घ्या की." ते म्हणाले, "आरशाला बोलता येतं का?" काकू लाजून हसल्या. त्यांना ते कौतुक वाटलं.

एकदा मी त्यांच्याबरोबर मागच्या सीटवर होतो. नागापूरला डावीकडे वळताना काकू "येऊ द्या" म्हणाल्या आणि कामावर निघालेला एक मोटारसायकलवाला दारावर आदळला. त्याचा पाय मोडला. चौकीत अण्णा ताठ बसून म्हणाले, "माझी गाडी कायदेशीर आहे. वळण्याआधी मी विचारलं होतं. हिनं 'येऊ द्या' म्हटलं."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग त्या फौजदाराला म्हणाल्या, "व्हय, माजंच चुकलं. मला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई. मोतीबिंदू हाय. सांगितलं असतं तर आरसा बसवावा लागला असता, अन् हवालदाराम्होरं ह्यांची मान खाली गेली असती."

अण्णांनाही हे नवीनच होतं. समोरच्या कागदावर बोट ठेवून ते म्हणाले, "साहेब, हे जबाबात घ्या." मला त्यांचा इतका राग आला की मी उठून बाहेर गेलो.

काकू माहेरी गेल्या. डोळ्याचं ऑपरेशन भावानं करवून आणलं. काही दिवसांनी अण्णांनी गाडीला डावा आरसा बसवला आणि मला सोबत घेऊन घोडेगाव गाठलं. काकूंनी चहा दिला. अंगणात येऊन आरसा नीट न्याहाळला.

"चांगला हाय," त्या म्हणाल्या. "आता मी कशाला?"

अण्णांना माफी मागता येत नव्हती. कचेरीत कधी तशी वेळच आली नव्हती. परतताना ते पुटपुटले, "कायद्यानं तिनं माझ्याकडेच राहायला हवं." मी म्हणालो, "मग करा अर्ज."

पुढे दोन-तीन वर्षं अण्णा एकटेच राहिले, स्वतःचं स्वतः रांधून खात. ते गेले तेव्हा काकू आल्या. रडल्या नाहीत. दहावा उरकल्यावर भावानं विचारलं, "आक्का, गाडीचं काय करायचं?"

"इकून टाक," काकू म्हणाल्या. "कागदं समदी चोख असतील. कागदावर ह्यांनी कदी कुनाला दुखावलं न्हाई."